दहापैकी दीड

ड्वाइट ओबरहोल्ट्झरने भिंग डोळ्याला लावलं
आणि माझ्या भावाच्या कार्डाचे चारही कोपरे
एकेक करून पाहिले, दाताचा डॉक्टर दाढा पाहतो तसे.
टोलीडोतल्या एका चर्चचं तळघर, घडीची टेबलं,
बाहेर मीठ मारलेला बर्फ.

"ग्रेडिंगला पाठवा," म्हणाला, "किंवा नका पाठवू.
फी पंचवीस डॉलर, टपाल वेगळं, तीन महिने थांबायचं.
नऊ मिळाले तर तुमच्या छताचं काम निघेल.
दोन मिळाले तर फी गेली,
आणि वर सगळ्यांना कळलं, की दोन."

म्हणजे झाकली मूठ. घरी आणली.

एल्मो तारकानी, शॉर्टस्टॉप.
दोनच मोसम खेळला, गुडघा जाईपर्यंत.
खांद्यावर बॅट, नजर कॅमेऱ्याच्या जरा पलीकडे,
कोणीतरी जेवायला हाक मारल्यासारखी.
कॅझिमिरला तो च्युइंगगमच्या पाकिटात सापडला
आणि सबंध उन्हाळा त्याने त्याला
कपड्याच्या चिमट्याने सायकलच्या आऱ्यांत अडकवला.
लॅग्रेंज स्ट्रीटवर ती सायकल
मोटरसायकलच्या रुबाबात फडफडत जायची,
मी मागे पळायचे.
कार्डाच्या पाठीवर त्याची पेन्सिल आहे:
छापलेली सरासरी .२४१,
ती काट मारून .२४३.
अकरा वर्षांच्या पोराने कंपनीची चूक काढली होती.
मी परवा पुन्हा हिशेब केला. दोनदा केला.
.२४३च येते.

पुढे तो काचेच्या कारखान्यात लागला, तपासनीस म्हणून.
एकतीस वर्षं बरण्या दिव्यासमोर धरल्या.
बुडबुडा, नापास.
केसाएवढा तडा, नापास.
मान वाकडी, नापास.
नापास बरणी फोडून भट्टीत टाकायचा नियम होता.
तो अधूनमधून एखादी जेवणाच्या डब्यात घालून घरी आणायचा.
आई त्यांत काकड्या मुरवायची.
आमच्या स्वयंपाकघरात
परीक्षा पास झालेली एकही वस्तू नव्हती.

शेजारचा टायलर म्हणाला, पेन्सिल खोडा, ग्रेड वाढेल.
मग म्हणाला, नको, खोडलेलंही त्यांना कळतं.
तोवर खोडरबर माझ्या हातात आलेलं होतं.
तिनाच्या शेपटीपर्यंत नेलं मी ते.
तिथून परत ड्रॉवरमध्ये.

फॉर्मवर एक रकाना होता, वस्तूची किंमत.
त्याच्यासमोर दोन कप कॉफी गार झाली.
शेवटी चाळीस डॉलर लिहिले,
कारण त्या सायकलची किंमत चाळीस होती,
आणि दुसरा कुठलाच आकडा मला सुचत नव्हता.

जूनमध्ये पार्सल आलं.
जाड प्लास्टिकची पेटी, चारही बाजूंनी बंद.
आत एल्मो तारकानी, वर पट्टी:
दीड. पाठीवर पेन्सिलचे लिखाण.

मला वाईट वाटायला हवं होतं.
मी ती पेटी टेबलावर ठेवून बसले
आणि मनात येत राहिलं,
की कुठल्यातरी ऑफिसात, कोण जाणे कोण,
त्याने हे कार्ड दिव्यासमोर धरलं,
उलटलं,
माझ्या भावाचं अक्षर वाचलं,
आणि वाचलं म्हणून लिहून ठेवलं.
कॅझिमिर गेल्यापासून त्याच्या कुठल्याही गोष्टीकडे
इतका वेळ कोणी पाहिलं नव्हतं.
मीसुद्धा.

दीड. कॅझिमिरने एवढेही दिले नसते.
नापास केलं असतं, डोळ्याची पापणी न हलवता,
आणि संध्याकाळी डब्यात घालून घरी आणलं असतं.

एवढंच, की आता वास घेता येत नाही.
गमचा वास होता त्याला, निदान मला यायचा.

बाकीची छेचाळीस सिगारच्या खोक्यात आहेत.
ड्वाइटचा फोन येतो, मी बघते म्हणते.
छत अजून गळतं.
खाली बरणी लावलीय, बुडबुड्याची.